दोन उजव्या बाजू

मुंगीने अकरावीला फोटोग्राफी हा विषय घेतला, तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद तिच्या आत्याला झाला आणि सगळ्यात जास्त प्रश्न तिच्या बाबांना पडले.

"फोटोग्राफीत नापास होतात म्हणजे नेमकं काय करतात?" ते विचारायचे. "लेन्सचं झाकण काढायला विसरतात?"

"बाबा, तुम्ही काढलेल्या प्रत्येक फोटोत तुमचं बोट असतं," मुंगी म्हणाली. "तुम्ही पहिल्या चाचणीतच गेलात."

त्यानंतर बाबांनी त्या विषयावर बोलणं सोडलं.

मुंगी म्हणजे माझी लेक. लहानपणी स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू घरभर ओढत फिरायची, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. आत्या म्हणजे माझी मोठी नणंद. मी तिला ताई म्हणते. ताईचा चौकात फोटो स्टुडिओ आहे. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्यामागे एक फिरतं स्टूल. आमच्या भागातल्या प्रत्येक माणसाने कधी ना कधी त्या स्टुलावर बसून "मान जरा इकडे, हनुवटी खाली, आता श्वास सोडा" हे ऐकलेलं आहे. पण फोटो काढणं हे ताईचं निम्मंच काम. उरलेलं निम्मं म्हणजे दुरुस्ती. तरुणांचे मुरूम, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांखालच्या पिशव्या, घाईत उलटी राहिलेली कॉलर, सगळं ती कॉम्प्युटरपुढे बसून निगुतीने नीट करते. माणूस फोटोचं पाकीट उघडतो आणि आपण समजत होतो तेवढे काही वाईट नाही, अशा समाधानात घरी जातो. ताईला यात काही खोटं वाटत नाही. "शिंपी नाही का बाही आखूड करून देत?" ती म्हणते.

आता माझ्या तोंडाबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट त्याचीच आहे.

मुंगी तान्ही होती तेव्हा एका सकाळी मी चूळ भरली आणि पाणी डाव्या कोपऱ्यातून आपलं आपण गळून गेलं. आरशात पाहिलं तर उजवी बाजू जागी झालेली आणि डावी अजून झोपलेली. चेहऱ्याची नस सुजलीय, बहुतेकांचं पूर्ण बरं होतं, असं डॉक्टर म्हणाले. पण बहुतेकांत मी कधीच नसते. बरंचसं सुधारलं, तरी डावा डोळा अजून जरा उशिरा मिटतो आणि ओठांचा डावा कोपरा हसण्यात भाग घेत नाही. मी हसले की उजवा गाल हसतो आणि डावा त्यावर विचार करत असल्यासारखा दिसतो. चहा पिताना हातात रुमाल लागतो. बाकी काही अडत नाही. सवयीने माणूस कशालाही राजी होतं, फक्त फोटोला नाही. कोणी कॅमेरा काढला की मी उजवा गाल पुढे करून कोणाशी तरी बोलायला लागते. तिथे कोणी नसलं तरी.

ज्या फोटोंत पळता आलं नाही, ते ताईने सांभाळले. म्हणजे ती माझी उजवी बाजू उचलायची, आरशासारखी उलटी करायची आणि डावीच्या जागी बसवायची. आमच्या भिंतीवर जी बाई लटकते आहे तिला दोन उजव्या बाजू आहेत. पाहुणे म्हणतात, फोटो फार छान येतात हो तुमचे. ताईने मला हे कधी सांगितलं नाही आणि मी तिला कधी विचारलं नाही. आमच्यात ते न बोलता ठरलेलं होतं. एकदा शाळेतून आल्यावर मुंगीनेच भिंतीकडे बोट करून विचारलं होतं, "आई, बाबांच्या शेजारी ही कोण आहे गं?" मी म्हणाले, "हात धुऊन ये, जेवायचंय."

तर बारावीच्या परीक्षेला या विषयात एक मोठं काम असतं. मुंगीच्या वर्षाला विषय आला 'जवळचा माणूस'. एकच माणूस निवडायचा, सहा महिने त्याचे फोटो काढायचे, त्यातले मोजके निवडून पुस्तकासारखे बांधून द्यायचे. मग बाहेरचे परीक्षक येतात आणि एकेक फोटो पुढे ठेवून प्रश्न विचारतात. उजेड कमीजास्त केलेला चालतो, कडा छाटलेल्या चालतात. त्यापलीकडे फोटोला हात लावायचा नाही. परीक्षक मूळ फाइल मागून पडताळून बघतात, आणि फरक सापडला तर अख्ख्या कामाचे गुण जातात.

मुंगीने मला निवडलं.

"बाबांना घे की," मी म्हणाले.

"बाबा कॅमेरा दिसला की पोट आत घेतात. मग श्वास कोंडतो आणि डोळे बाहेर येतात. सहा महिने जगायचे नाहीत ते."

मी बाइंडिंगच्या कारखान्यात काम करते. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, एक मोठी खिडकी, एक कापायचं मशीन, दोन लोखंडी दाब आणि आम्ही चौघं. शाळा-कॉलेजांच्या ग्रंथालयांतली फाटकी पुस्तकं येतात. ती सोडवायची, पानं जुळवायची, शिवायची, खळ लावून पुठ्ठा चढवायचा, दाबाखाली ठेवायची. हे काम मी बघून बघून शिकले. मुंगी शाळा सुटल्यावर शाळेचा कॅमेरा गळ्यात घालून तिथे यायची. तिने माझे सुई ओवणारे हात काढले. दाबाचं चाक फिरवताना ताठलेली पाठ काढली. बोटांवर वाळलेल्या खळीचे पापुद्रे इतके जवळून काढले, की बाबांना तो नदीकाठच्या मातीचा फोटो वाटला. मला बरं वाटत होतं. सहा महिने असे हातापाठीवर निभले असते तर माझी काही हरकत नव्हती.

पण तिच्या फोटोग्राफीच्या मॅडमनी सगळे फोटो टेबलावर पसरले आणि म्हणाल्या, "हात छान आहेत. पाठ छान आहे. पण माणूस कुठे आहे?"

मुंगीने घरी येऊन हे सांगितलं आणि पुढे काही बोलली नाही. तिचं हे न बोलणं बापाकडून आलंय. फार जड असतं ते.

मग एका दुपारी आमच्या मालकांनी एक जाडजूड पुस्तक दाबाखालून काढलं, तर आत त्यांचाच चष्मा निघाला. सकाळपासून ते तो शोधत होते आणि आम्हा सगळ्यांवर आळ घेत होते. काचा शाबूत होत्या, दांड्या पार सपाट. तो तसाच सपाट चष्मा त्यांनी नाकावर ठेवून बघितला. मी इतकी हसले की हातातला ब्रश उडाला आणि खळीचा एक थेंब माझ्या गालावर आला. तेवढ्यात खिडकीकडून कळ दाबल्याचा आवाज झाला.

मुंगीने कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर तो फोटो मला दाखवला. समोरून होता. पूर्ण. उजवी बाजू हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणारी, आणि तिच्या शेजारी डावी, शांत, जणू मोठी बहीण धाकटीला आवरायला बसली आहे.

"तू नको म्हणालीस तर नाही लावणार," मुंगी म्हणाली. "खरंच."

मला काही दिवस लागले. येता-जाता आरशासमोर थांबायचे, कोणी आलं की केस नीट करत असल्यासारखं करायचे. मग एका संध्याकाळी भाजी चिरता चिरता मी म्हणाले, "लाव तो."

"नक्की?"

"परत विचारलंस तर नाही म्हणेन."

ती स्वयंपाकघरातून जी पळाली ती थेट आत्याकडे. सगळ्या फाइली तिने आत्याच्या कॉम्प्युटरवर उतरवल्या, कारण शाळेचा कॅमेरा आणि त्याचं कार्ड रिकामं करून परत द्यायचं होतं, आणि प्रिंट तर आत्याकडेच निघणार होते. मी इकडे पुस्तकाची बांधणी केली. राखाडी कापड, आत प्रत्येक फोटोसाठी एक अरुंद पट्टी शिवलेली, म्हणजे फोटो डकवल्यावर पुस्तक फुगत नाही. सोमवारी सकाळी ते शाळेत द्यायचं होतं.

शनिवारी दुपारी ताईने फोटोंचं पाकीट पाठवलं. मुंगीने हात धुतले, पुसले, परत पुसले आणि एकेक फोटो काढून गादीवर मांडत गेली. हात. पाठ. खिडकी. शेवटचा तिने उचलला आणि ती थांबली.

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला वाटलं, किती छान दिसतेय मी! हसरी, देखणी, अजिबात न थकलेली बाई. मग मला खळीचा थेंब दिसला. उजव्या गालावर एक, डाव्या गालावर एक. अगदी समोरासमोर.

"हा फोटो मी काढलेला नाही," मुंगी म्हणाली.

चौकापर्यंत आम्ही चालत गेलो, म्हणजे ती चालत होती आणि मी पळत होते. ताई एका माणसाला पाकीट देत होती. तो बाहेर पडेपर्यंत मुंगीने दम धरला.

"आत्या, आईचा मूळ फोटो कुठे आहे?"

"त्यातच आहे की. मी नेहमीसारखं नीट केलं. थेंब पुसणार होते, पण तूच म्हणालीस ना, कामाच्या खुणा राहू देत."

"नीट करायच्या आधीचा, आत्या!"

ताईने चष्मा वर केला. "त्याच नावाने सेव्ह केला. दोन-दोन फाइली ठेवल्या की गिऱ्हाइकाला चुकून जुना चेहरा जातो आणि मग दुकानात बोंब. मी कधीच ठेवत नाही."

"आई गिऱ्हाईक आहे का?"

"नाही, म्हणून तर केलं! गिऱ्हाइकाचं मी चहा गार व्हायच्या आत उरकते. हिच्यासाठी सकाळपासून मान मोडून बसले होते. आणि वर तुझंच ऐकून घ्यायचं?"

मुंगी तिथेच काउंटरला टेकून खाली बसली. तिने परीक्षेचा नियम सांगितला. कार्ड परत गेल्याचं सांगितलं. ते ऐकता ऐकता ताईचा चेहरा उतरत गेला. तिने कॉम्प्युटरवर इथे शोधलं, तिथे शोधलं. तो फोटो नव्हता.

अशा वेळी मध्ये पडून सगळ्यांची समजूत काढायची, हे आमच्या घरात माझं काम. मी तोंड उघडलं ते त्याचसाठी. पण बाहेर पडलं भलतंच.

"ताई, तो माझा चेहरा होता."

मी ताईशी असं कधीच बोलले नव्हते. माझं मलाच नवल वाटलं. इतकी वर्षं जो लपवला, तो कोणीतरी पुसला म्हणून मी भांडत होते.

ताई स्टुलावर बसली. ते अर्धवट फिरलं आणि तिची पाठ आमच्याकडे आली. तशीच ती बोलली.

"मुंगीच्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो मी तुला आणून दिला होता. जसा होता तसा. तू छान म्हणालीस आणि मोरीत जाऊन नळ सोडलास."

"तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून."

"नळामुळे काय ऐकू येत नाही होय?" ताई म्हणाली. "तेव्हाच ठरवलं, माझ्या हातून हिला पुन्हा असं रडवायचं नाही. मला वाटलं, तुला बरं वाटतं."

"वाटायचं. बरं वाटायचं, ताई. पण या वेळी मी हो म्हणाले होते."

ताईने नाक ओढलं. मुंगी उठली आणि तिने स्टूल आमच्याकडे फिरवलं, आत्यासकट.

"रडून घ्या दोघी," ती म्हणाली, "पण उद्याचा दिवस आहे आपल्याकडे. आत्या, तुझा कॅमेरा हवाय. आणि तू पण हवीस."

रविवारी कारखाना बंद असतो. मालकांनी किल्ली दिली आणि वर म्हणाले, हवा तर चष्मा पुन्हा दाबाखाली ठेवतो. ताई कॅमेरा आणि थर्माकोलचा एक पांढरा बोर्ड घेऊन आली. खिडकी माझ्या उजव्या हाताला होती, त्यामुळे डावा गाल सावलीत जात होता. मुंगीने ताईला आपल्या शेजारी उभं केलं.

"आत्या, खिडकीचा उजेड बोर्डावर घे आणि आईच्या डाव्या बाजूवर टाक."

"डाव्या?" ताईने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"डाव्या," मी म्हणाले.

बोलायला सोपं होतं. पण हसणं काही हुकमाने येत नाही. मी हसले. मुंगीने कॅमेरा खाली घेतला. "आई, टूथपेस्टची जाहिरात नकोय." मी कमी हसले. "आता दात दुखतोय तुझा." ताईने विनोद सांगितला, तो आम्हा तिघींना पाठ होता. मुंगीने सपाट चष्म्याची आठवण करून दिली. मी हो हो, किती गंमत झाली, असं म्हणाले. तो पहिला फोटो गेला तो गेलाच होता, आणि हे तिघींनाही कळत होतं. मुंगीचं बोलणं तुटक होत चाललं. सोमवार डोक्यावर होता. पुस्तकातली शेवटची पट्टी रिकामी होती, आणि ती भरायची तर मला त्या भिंगासमोर तोंड धरून बसायचं होतं, पळायला दुसरा गाल नव्हता.

"तू काम कर," मुंगी शेवटी म्हणाली. "माझ्याकडे बघूच नकोस. वाटलं तर बघ."

मी एक पुस्तक ओढलं आणि खळ लावायला लागले. कोपऱ्यापासून आत, ब्रश आडवा. हात कामाला लागले की डोकं आपोआप गप्प होतं. बराच वेळ गेला. माझ्या कागदावरचा उजेड थरथरायला लागला, म्हणून मी वर पाहिलं. ताईचे हात कापत होते. तो बोर्ड तिने मुंगीने सांगितलेल्या जागी तस्साच धरलेला होता, हनुवटीपर्यंत, पाटी धरून उभ्या केलेल्या शाळकरी मुलीसारखा. खांदे कधीच भरून आले असणार.

"ताई, खाली घ्या तो."

"नाही दुखत."

"दिसतंय की कापताना."

"मुंगीने सांगितल्याशिवाय नाही घेणार." डोळे भरले होते तिचे, पण बोर्ड खाली येऊ देत नव्हती. त्या बोर्डाचा सगळा उजेड माझ्या डाव्या गालावर येत होता, आणि मला तो ऊन पडल्यासारखा कळत होता. इतकी वर्षं या बाईने माझ्यासाठी काय काय पुसलं, कोणाला न सांगता, आणि आता हात गळून पडेपर्यंत ती हे धरून उभी राहणार होती. हट्टी, वेडी बाई.

"ताई," मी म्हणाले, "अहो, पुरे ना."

कळ दाबल्याचा आवाज झाला. पुन्हा एकदा झाला. मग मुंगीने कॅमेरा डोळ्यापासून काढला आणि आत्याच्या हातातून बोर्ड घेतला.

संध्याकाळी आम्ही स्टुडिओत होतो. ताईने फोटो पडद्यावर मोठा केला. मी त्यात हसत नव्हते. नुसती बघत होते, समोर, कोणाकडे तरी, रागावल्यासारखी आणि रागावलेली मुळीच नाही अशी. दोन्ही बाजू आपापल्या परीने तेच म्हणत होत्या.

ताईचा हात सवयीने माऊसवर गेला.

"आत्या," मुंगी म्हणाली.

"नुसती बघतेय गं. हात नाही लावत." ताईने फोटो आणखी मोठा केला, मग आणखी. आधी उजवा डोळा, मग डावा. मग परत उजवा. नाक पडद्याला लागेल इतकी ती पुढे वाकली. "अगं ए, हे बघ," ती मला म्हणाली. "उजवीकडे डोळ्याशी या सुरकुत्या. कपाळावर या. आणि डावीकडे?"

"डावीकडे काय?"

"एकही नाही! कोरी करकरीत! हलतच नाही म्हटल्यावर पडणार कुठून?" ताई खुर्चीत मागे टेकली. "म्हणजे इतकी वर्षं मी तुझी तरुण बाजू पुसून त्यावर म्हातारी बाजू चिकटवत होते?"

मुंगीने तोंडावर हात घेतला. मला आधी खोकला आला, मग हसू, मग ताईलाही, आणि ती हसता हसता डोळे पुसत म्हणत राहिली, "आणि मला वाटायचं, हिला मी बरं दाखवतेय!"

"आत्या, कॅमेरा आण ना, आत्ताच—" मुंगी म्हणाली आणि स्वतःच थांबली. "नको. हा आहे तोच. प्रिंट दे."

ताईने कशालाही हात न लावता फोटो छापायला पाठवला आणि मूळ फाइल मुंगीच्या देखत दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली. तिच्या दुकानाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं. मशीन गुरगुरलं. कागद हळूहळू बाहेर यायला लागला. कपाळ आलं. डोळे आले, एक बारीक झालेला, एक जरा जास्तच उघडा. नाक आलं, ओठ आले. ताई आणि मुंगी दोघींनी एकदमच हात पुढे केले.

"थांबा," मी म्हणाले आणि दोघींच्या मधून पुढे झाले. "आधी मला बघू द्या."